बायजाबाईच्या मोहाखालचा चौकोन

दीपमालाचं हसू एकदा सुटलं की उचकी लागेपर्यंत थांबत नसे. कोंढ्याला, तिच्या माहेरी, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. म्हणून लग्न ठरल्यावर आईनं तिला स्वयंपाकाचं काही सांगितलं नाही, वागण्याबोलण्याचंही काही नाही. फक्त एवढंच म्हणाली, "तिकडं जराक हळू हास वं माय. नवीन लोकं हायेत, भेतील."

दीपमालानं आईचं ऐकलं. डिसेंबरात धान घरात आल्यावर लग्न झालं आणि ती पवनी तालुक्यातून पार तुमसर तालुक्यात, नाकाडोंगरीला नांदायला आली. घर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली सासऱ्यांची, भैय्यालालची खाट, समोर टीव्ही. आतली खोली नवरा-बायकोची. मधली भिंत होती, पण ती छपरापर्यंत पोचलेली नव्हती. वरच्या दोन हातांच्या फटीतून इकडची कूस तिकडे ऐकू येई. त्यामुळे अनुप आणि दीपमाला यांचं लग्नानंतरचं बोलणं म्हणजे "डबा भरला का" आणि "चार्जर कुठं हाये", एवढंच.

अनुप मॅंगनीजच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होता. कधी सकाळची पाळी, कधी दुपारची. उंच, हाडकुळा, घरात अगदी गप्प. दीपमालाला वाटे, भला माणूस आहे, पण जरा रुक्ष आहे.

ती तुमसरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचं एम.एस्सी. करत होती. शिक्षण सुरू ठेवायचं, या बोलीवरच लग्न झालं होतं. फेब्रुवारीत तिच्या शहारे सरांनी प्रत्येक विद्यार्थ्याला एक काम दिलं. आपल्या गावाजवळच्या जंगलाचा वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद असा एक तुकडा निवडायचा आणि त्याचा नकाशा काढायचा. झाडं तर हवीतच, पण रोपं, वेली, वारुळं, बिळं, लेंड्या, पिसं हेही सगळं हवं. शिवाय कुठं ऊन किती, सावली किती, हवेत ओल किती, माती केवढी तापते. वनरक्षकाची परवानगी कॉलेजनं काढून ठेवली होती.

"जंगलात एकटी जाशीन?" सासू बायजाबाईंनी विचारलं. "तितं अस्वल हाये."

"सर म्हनतात करावंच लागते, आई."

"मंग याले घेऊन जा." बायजाबाईंनी भाकरीच्या पिठाचं बोट अनुपकडे केलं. "आता मेपर्यंत दुपारपाळी हाये याची. सकाळी नुसता मोबाईल पाहत लोळते."

अशी अनुपची नेमणूक झाली.

जागा त्यानंच निवडली. नाल्यापलीकडे, चढ सुरू होतो तिथं, एक म्हातारा, पसरलेला मोह होता आणि भोवती साग, ऐन, तेंदू. खाली पाचोळ्याची जाड गादी. हा मोह आपल्या आईचा आहे, हे अनुपला माहीत होतं. जंगल सरकारचं असलं तरी कोणत्या मोहाची फुलं कोणी वेचायची, हे गावात पिढ्यान्पिढ्या ठरलेलं असतं. पण ते बायकोला सांगावं, असं काही त्याला सुचलं नाही. सावली चांगली आहे, एवढंच त्यानं पाहिलं.

दोघांनी कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या, भोवती सुतळी ताणली, मग आतून आडव्या-उभ्या सुतळ्या बांधून लहान लहान चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाला नंबर.

"आता झाडाचा घेर मोजायचा," दीपमाला पुस्तकी आवाजात म्हणाली. "छातीच्या उंचीवर."

"कोनाच्या छातीच्या?"

दीपमाला थबकली. पुस्तकात उंची दिली होती, पण प्रत्येक झाडाला खालून टेप लावत बसायचं म्हणजे दिवस जाणार. तिनं टेपचं टोक अनुपच्या पायाशी धरलं, टेप त्याच्या अंगावरून वर नेली आणि उंची बरोबर त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटनावर आली. "इतं," ती बटनावर बोट ठेवून म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की लग्नाला अडीच महिने होत आले आणि दिवसाउजेडी आपण नवऱ्याच्या छातीवर पहिल्यांदाच हात ठेवलाय. अनुपच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो एकदम म्हणाला, "मंग रोज हाच शर्ट घालन मी."

मोहाचा घेर दोघांच्या कवेत मावेना. ती इकडून, तो तिकडून, दोघं झाडाला मिठी मारून टेप चाचपत होते. पलीकडे बोटं बोटांना लागली. टेप सापडली तरी कोणी लगेच हात काढला नाही.

"सापडली का?" तिनं झाडाआडून विचारलं.

"नाई," अनुप म्हणाला. "अजून पाहून राहिलो."

हसू तिच्या गळ्यापर्यंत आलं होतं, पण तिनं दाबलं. ते सुटलं चौथ्या दिवशी. सागाच्या एका खालच्या फांदीला पानं शिवून केलेला फुटबॉलएवढा गोळा लोंबत होता. तो काय आहे, हे लिहिण्याआधी नीट पाहावं म्हणून अनुपनं फांदी खाली ओढली. लाल मुंग्यांचं घरटं होतं ते. पुढचं काही क्षणांतच झालं. अनुपनं टेप फेकली, तिसऱ्या बटनाचा शर्ट उपसून फेकला, आणि उघड्या अंगानं सुतळ्यांवरून उड्या मारत तो स्वतःलाच चापट्या मारू लागला. "माय वं! काखेत गेली! अवो, पाहून काय राहिली? मोज ना मंग, किती हायेत थे!"

दीपमाला मटकन पाचोळ्यात बसली. आधी आवाज न करता हलली, मग तिच्या तोंडून जे निघालं त्यानं ऐनावरचे सातभाई कलकलत उडाले. हसता हसता ती आडवी झाली, उठली, त्याच्या पाठीवरच्या मुंग्या झाडायला गेली आणि पुन्हा हसून बसली. शेवटी उचकी लागली. अनुप मुंग्या विसरून तिच्याकडे बघत उभा राहिला.

"हे तुह्यापासी होतं," तो म्हणाला, "आन् इतके दिवस कुठं ठेवलं होतं?"

"आई म्हने," उचकी, "तुमी लोकं," उचकी, "भेसान म्हने."

त्या दिवसापासून अनुपला वेड लागलं. तिला पुन्हा हसवायचं, हा त्याचा पहिला धंदा, आणि चौकोन भरायचे, हा दुसरा. पण हळूहळू दुसऱ्या धंद्यानंही त्याला पकडलं. खाणीत तो पाळीभर मीटरचे काटे वाचायचा. इथं सरांनी दिलेली दोन थर्मामीटरं होती, एकाच्या टोकाला ओली चिंधी. मोहाच्या बुंध्याशी एक आकडा, सुतळीपलीकडे उघड्यावर दुसरा, आणि दगडाखाली तिसराच. "अवो, इतं पाय, या दगडाखाली हिवाळा हाये अजून!" असं तो ओरडे आणि दीपमाला धावत येई. एका चौकोनात तेंदूचं बोटभर रोप, त्यावर सुरवंट, सुरवंटावर माशी. एकात साळिंदराचा काटा. एकात काहीच नाही म्हणून दोघं पालथे पडून पाहत राहिले, तर पाचोळ्याचं एक पान चालायला लागलं. ते पान नव्हतंच, टोळ होता. ते बोटात बोट अडकवून घरी येत, नाला ओलांडला की बोटं सोडत, आणि केसांतल्या काड्या तशाच राहत.

रात्री जेवणं झाल्यावर दोघं कुजबुजत. "बाविसात खड्डा नवीन हाये, काल नव्हता."

"नख्या हायेत त्याले. मी पाहिलं."

"मुंगूस असन."

"घोरपड असन."

भिंतीपलीकडून भैय्यालाल खाकरला. "मंग त्या बाविसात निघालं तरी काय?" त्यानं विचारलं. "मले झोप येत नाई इकडं."

दोघांनी उशीत तोंडं खुपसली.

गावात मात्र वेगळीच बातमी होती. शेळ्या चारणाऱ्या खुशालनं लांबून अनुपला उघडाबंब नाचताना पाहिलं होतं आणि सुनेला जमिनीवर गडबडा लोळताना. त्यानं ते जसं पाहिलं तसंच पिठाच्या गिरणीवर सांगितलं, फक्त मुंग्या वगळून. मुंग्या लांबून दिसल्या नव्हत्या. बायजाबाईंच्या कानावर ते आलं तेव्हा त्यांनी सुनेच्या केसांतली काडी काढून हातात धरली आणि विचारलं, "पोरी, तुमी जंगलात करता तरी काय?"

"नकाशा काढतो, आई."

"कशाचा?"

"सगळ्याचा."

बायजाबाईंचं समाधान झालं नाही. पण मार्च अर्धा सरला, मोह टपकायला लागला आणि विचारायची गरजच उरली नाही. त्या स्वतःच निघाल्या.

मोहाची फुलं पहाटे गळतात. जाड पाचोळ्यात ती हरवू नयेत म्हणून बाया वेचणी सुरू होण्याआधी झाडाखाली आग लावतात. पाचोळा जळून जमीन काळी, स्वच्छ होते आणि तिच्यावर पिवळी फुलं वेचायला सोपी जातात. बायजाबाई डोक्यावर टोपली, टोपलीत खराटा आणि कनवटीला आगपेटी घेऊन नाला ओलांडून वर आल्या आणि पाहतात तर काय, त्यांच्या मोहाला चारी बाजूंनी सुतळी. बुंध्यावर खडूनं नंबर. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा रांगत होता.

"माह्या मोहाले नंबर कोनं देला?" बायजाबाई गरजल्या.

अनुप उभा राहिला. दीपमालाही उभी राहिली.

"आई, हा तुमचा हाये?" तिनं विचारलं आणि मग हळूच नवऱ्याकडे वळली. "हा आईचा हाये?"

"हाव," अनुप म्हणाला. "सावली चांगली हाये म्हनून..."

"सरका," बायजाबाई म्हणाल्या. "आग लावायची हाये मले."

दीपमाला सुतळीवरून उडी मारून त्यांच्यासमोर आली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. सासूसमोर ती अशी पहिल्यांदाच उभी होती. "आई, पाचोळा नोका जाळू. पाचोळाच मोजायचा हाये. सगळं त्याच्यातच हाये."

"पाचोळ्यात काय हाये?"

"पुष्कळ काय काय हाये!"

"आन् माही फुलं? थे का पाचोळ्यातून चिमट्यानं वेचू?"

दीपमालानं अनुपकडे पाहिलं. शेवटी अनुपच म्हणाला, "लुगडे टाकू." त्यानं कुठंतरी ऐकलं होतं, बाया झाडाखाली कापड पसरतात आणि फुलं अलगद उचलतात. बायजाबाईंनी तोंड वाकडं केलं. लुगडं जमिनीवर टाकायची ही कसली रीत. पण पेटीत जुनी लुगडी होती, सुनेचे हात अजून पसरलेले होते आणि काडी ओढायची म्हणजे त्या हातांना ढकलावं लागलं असतं. "एक दिवस पाहीन," त्या म्हणाल्या. "एकच."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिघं लुगडी घेऊन आले. एक हिरवं, एक जांभळं आणि बायजाबाईंच्या तरुणपणातलं, विटलेलं गुलाबी. हिरवं अंथरलं, जांभळं अंथरलं. गुलाबी लुगड्याची दोन टोकं बायजाबाईंनी धरली, दोन दीपमालानं, आणि झटकून त्यांनी ते मोहाच्या उगवतीकडच्या चौकोनावर सोडलं. नकाशात त्या चौकोनात दीपमालानं लिहिलं होतं, 'पाचोळा. दुसरे काही नाही.'

लुगडं खाली बसलं आणि पुन्हा उठलं.

मधोमध एक फुगा आला, तो थरथरला, कडेकडे धावला. बायजाबाईंनी टोकं सोडून अशी किंकाळी फोडली की नाल्यावरच्या शेळ्या थांबल्या. लुगड्याच्या काठाखालून पाचोळ्याचाच एक तुकडा बाहेर पडला, त्याला पंख फुटले, आणि तो एक पंख मोडल्यासारखा ओढत जमिनीवरून फडफडत निघाला.

"माय वं, पंख मोडला माह्या लुगड्यानं!" बायजाबाई त्याच्यामागे धावल्या. पाखरू दोन हात पुढे जाऊन पडे. त्या वाकत, ते पुन्हा दोन हात पुढे. असं करत करत त्या सुतळीत पाय अडकून, सावरून, पार करवंदीच्या जाळीपर्यंत गेल्या. तिथं पाखरानं दोन्ही पंख उघडले आणि निवांत उडून गेलं.

बायजाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "फसवलं मले!" त्या म्हणाल्या. "त्या एवढ्याशा भवानीनं मले फसवलं!"

इकडे दीपमालानं लुगड्याचा काठ इंचाइंचानं उचलला होता. खाली, नुसत्या पानांवर, ना काडी ना कापूस, दोन अंडी होती. मातकट गुलाबी, वर तपकिरी ठिपके. याच चौकोनात तिनं वाकून पाहिलं होतं, जवळून जाता येता तर शंभरदा. पाखरू तिच्या टाचेपासून वीतभर अंतरावर बसून असणार, आणि तिनं लिहिलं होतं, दुसरे काही नाही.

"रातवा हाये," ती कुजबुजली. "अवो, रातवा! दिवसभर बसून राहते आन् दिसत नाई!" आणि तिला हसू सुटलं. पण अंड्यांपाशी आवाज करायचा नव्हता. तिनं पदर तोंडात कोंबला, अनुपनं तिला धरून लांब नेलं, त्यालाही सुटलं, आणि बायजाबाई सुतळी ओलांडत परत आल्या तेव्हा मुलगा नि सून एकमेकांना टेकून मुक्यानं हलत होते. "मले हसता?" त्या म्हणाल्या, आणि मग गुलाबी लुगडं उठलेलं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं. त्याही बसल्या. त्यांचं हसणं शिट्टीसारखं होतं, घरात कोणी ते फारसं ऐकलं नव्हतं.

गुलाबी लुगडं घडी घालून टोपलीत गेलं. तो चौकोन आणि त्याच्या भोवतीचे, तिकडे कोणी पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं, आणि ठरवलं ते बायजाबाईंनी. "बाळंतीन बसली तितं लुगडं टाकते का कोनी?"

"पन तिकडचे फुलं वाया जातीन, आई," अनुप म्हणाला.

"जाऊ दे. तिले."

पाखरू तासाभरात परत आलं. कधी आलं ते तिघांपैकी कोणालाही कळलं नाही. जागा रिकामी होती आणि मग नव्हती.

त्यानंतर रोज सकाळी एकच खेळ. तिघं सुतळीबाहेर एका दगडाशी ओणवे बसत आणि पाखरू शोधत. कुठं आहे हे माहीत असताना ते दिसत नसे. "त्या वाकड्या पानाच्या बाजूले पाय." "सगळेच पानं वाकडे हायेत!" "डोळा पाय, रेघ हाये नुसती." कधी आधी अनुपला दिसे, कधी दीपमालाला. दिसलं की ज्याला दिसलं त्याचा चेहरा असा फुले की बाकीचे दोघं जळत. एके दिवशी पाखराच्या पाठीवर मोहाचं फूल पडलं. ते हललं नाही. आणखी एक पडलं. पिवळीधमक दोन फुलं पाचोळ्याच्या एका ढिगावर, आणि त्या ढिगाला डोळे. बायजाबाईंनी सुनेचा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठला.

मग भैय्यालालला आणावं लागलं, कारण तो भिंतीपलीकडून रोज विचारून विचारून थकला होता. तो काठी टेकत आला, दगडावर बसला आणि चष्मा पुसून म्हणाला, "दिसली."

"कुठं?" तिघांनी एकदम विचारलं.

त्यानं काठीनं दाखवलं. तो मोहाचा पडका ढलपा होता. बायजाबाईंनी त्याचं तोंड धरून वळवलं. तो पाहत राहिला, पाहत राहिला. सकाळचं ऊन पानांवर सरकलं आणि ते पाखराच्या डोळ्याच्या फटीत चमकलं. भैय्यालालनं टोपी काढून मांडीवर ठेवली. घरी जाताना मात्र वाटेत भेटेल त्याला थांबवून त्यानं सांगितलं, आणि दरवेळी पाखरू थोडं मोठं होत गेलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी शहारे सर तपासणीला आले. इस्त्रीची पँट, खिशात दोन पेनं, बोलणं मोजकं. त्यांनी नकाशा हातात धरून एकेक चौकोन ताडून पाहिला. तेंदूची रोपं बरोबर होती, वारूळ जागेवर होतं. मग ते मोहाच्या उगवतीकडे निघाले आणि बायजाबाईंनी त्यांची वाट अडवली.

"सायेब, तिकडं नाई. इतून पाहा. आन् हळू बोला."

"इथं तर नुसता पाचोळा दिसतोय," सर म्हणाले.

"हाव ना," बायजाबाई आनंदानं म्हणाल्या.

सरांनी पाहिलं. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. दीपमाला मागे उभी राहून ओठ चावत होती. तिला हसू येत होतं आणि मार्कांची भीतीही वाटत होती. "रातवा पुस्तकात पुष्कळ वेळा पाहिलाय मी," सर कुजबुजले, "आणि शिकवलाही आहे. पण बसलेला असा..." आणि त्यांचं वाक्य तिथंच राहिलं. दिसला. ते हळूहळू खाली गेले, गुडघे, मग बूड, इस्त्रीच्या पँटीसकट पाचोळ्यात. तेवढ्यात पाखराच्या छातीखालून काहीतरी वळवळलं. पानाच्या रंगाचा कापसाचा गोळा बाहेर आला, त्यानं चोच उघडली, आणि परत आत गेला.

सरांनी खिशातून फोन काढला. "हॅलो," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "अगं, मी बोलतोय. नाही, काही झालं नाही. मी पाचोळ्यात बसलोय. हो, पाचोळ्यात. पिल्लू निघालं! नाही, आपलं नाही, रातव्याचं!"

यावर दीपमालाला थांबणं शक्यच नव्हतं. ती नाल्याकडे पळाली आणि तिथून तिची उचकी बराच वेळ ऐकू येत होती.

पिल्लं चालायला लागली तशी पाखरू जागा बदलू लागलं. आज या चौकोनात, उद्या त्या. दीपमाला रोज नकाशा खोडून सुधारी, अनुप कपाळावर हात मारून घेई आणि मग तोच सगळ्यात आधी शोधायला धावे. मग एका सकाळी पाखरू नि त्याची दोन्ही पिल्लं सुतळीच्या आत कुठंच सापडली नाहीत. अनुपनं दगडाखालीसुद्धा पाहिलं. दीपमाला हिरमुसली, पण बायजाबाई म्हणाल्या, "पोरं चालायला लागल्यावर का बाळंतीन खाटेवर बसून राहीन?" आणि फुलांची टोपली उचलून निघाल्या.

तोवर गोष्ट गावभर झाली होती. आजूबाजूच्या मोहांखाली वेचणाऱ्या बाया आगकाडी ओढण्याआधी थांबायला लागल्या. कोणी लुगडी आणली, कोणी जुनी चादर. अंथरण्याआधी प्रत्येक बाई ओणवी होऊन पाचोळा न्याहाळी, आणि चढावर सकाळच्या वेळी पदर खोचलेल्या बायांच्या नुसत्या पाठी दिसत. हे पाहून खुशालनं गिरणीवर काय सांगितलं, ते देव जाणे.

मोह संपत आला असताना एका सकाळी शेजारच्या चंद्रभागाबाई धावत आल्या. त्यांचा मोह नाल्याच्या अंगाला होता. "माह्यापासीबी हाये!" त्या दम खात म्हणाल्या. "परवापासून बसली हाये. हालत नाई. मी कोनाले सांगलं नाई, गर्दी होईन म्हनून."

अनुप, दीपमाला, बायजाबाई, तिघंही चवड्यांवर चालत गेले. चंद्रभागाबाईंनी दुरूनच दाखवलं. त्यांची निळी चादर अंथरलेली होती आणि तिच्यात मधोमध, कापड नीट दुमडून, एक गोल जागा मोकळी सोडली होती. त्या जागेत काहीतरी तपकिरी, फुगीर, गप्प बसलं होतं.

दीपमालानं पाहिलं. मान तिरकी करून पाहिलं. अनुपनं तिच्याकडे पाहिलं आणि पटकन आभाळाकडे पाहायला लागला.

"मावशी," दीपमाला शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाली, "थे शेन हाये."

"काय?"

"गायीचं. वाळलेलं."

चंद्रभागाबाईंनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पोरी, तुह्या सासूनं काय सांगलं? जितं काई नाई असं वाटते, तितंच थे राहते. सांगलं का नाई?"

"सांगलं," बायजाबाईंना कबूल करावं लागलं. त्यांचा आवाज शिट्टीसारखा निघाला.

"मंग? तुमाले दिसत नाई तर माहा काय दोस? नीट पाहा. डोळा हाये बारीक."

अनुप वळून नाल्याकडे चालायला लागला. त्याचे खांदे हलत होते. दीपमालानं सासूचा हात धरला, सासूनं सुनेचा, आणि दोघी ओठ मिटून पाहत राहिल्या. वरून मोहाची उरलीसुरली फुलं टपकत होती. दोन चादरीवर पडली, एक त्या शेणावर.

"पाहा," चंद्रभागाबाई हळूच म्हणाल्या. "फूल पडलं तरी हालत नाई."